अण्णांच्या सहीचा बास

शेजारच्या गुणवंतीताईचं लग्न झालं ते साल एकोणीसशे पंच्याऐंशी. गिरण्यांचा संप सुरू होऊन तीन वर्षं उलटली होती, म्हणून लालबागच्या त्या चाळीत मांडवही लहान आणि पंगतही लहान. पण लग्न सगळ्यांच्या लक्षात राहिलं ते एका आवाजानं. धोंडूकाकांनी स्वतः घडवलेला बास गिटार पहिल्यांदाच चारचौघांत वाजायला लागला, आणि "टण्ण!" तार तुटली! तुटलेलं टोक काकांच्या भुवईला चाटून गेलं.

काका गिरणीत सुतारखात्यात होते. काम गेल्यावर त्यांनी मोडीत निघालेल्या सागवानी दारांपासून बास बनवायला घेतला. परदेशी बास म्हणजे दुकानाच्या काचेतून पाहायची वस्तू. काकांचा बास चाळीतल्या पोरालाही परवडला असता. माझगावचे अण्णा ऑर्केस्ट्रात बास वाजवून म्हातारे झालेले. ते म्हणाले होते, "धोंडू, नवशिक्या पोराला पहिल्याच दिवशी वाजवता आला पाहिजे आणि मलाही वाजवताना मजा आली पाहिजे. दोन्ही जमलं, तर माझी सही घाल त्यावर."

अण्णांची सही असेल तरच गिरगावचा दुकानदार बास विकायला ठेवणार होता. अण्णा रविवारी यायचे होते. काकांनी सांगून टाकलं होतं, "नाही जमलं तर हत्यारं विकतो. मी नि रखमाताई गावी जातो."

पुतणी सुभद्रानं हे दाराआडून ऐकलं, तेव्हापासून ती रविवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजत होती.

"ताई, बास परत बिघडला!" तिचा धाकटा भाऊ लवू धावत आला. मागोमाग हरेश्वर. हा मच्छीमार नगरचा पोरगा सुट्टीत मावशीकडे आला होता. सकाळी मावशीची मासळीची पाटी बाजारात पोचवली की दिवसभर तो या दोघांबरोबर.

काल संध्याकाळी बास काय सुरेख घुमत होता! आज तार पट्ट्यांवर खडखडत होती आणि आवाजात नुसती खरखर.

"काका रोज संध्याकाळी नीट करतात आणि रोज दुपारनंतर हे असं!" सुभद्रा वैतागली.

"रघूदादाचं काम!" लवूनं निकाल देऊन टाकला. खालच्या मजल्यावरचा रघू बेंजो पार्टीत बेंजो वाजवायचा. "तो म्हणतो, हा बास आहे की म्हशीच्या पोटात दुखतंय!"

हरेश्वरनं बासच्या दांडीवरून बोट फिरवलं. "ए, हे लाकूड पाणी प्यालंय. आमच्या होडीची फळी अशीच फुगते."

"खोलीत होडी कुठनं आली रे?" लवूनं विचारलं.

"होडी नाय रे येड्या, पाणी! कोणतरी इथे पाणी आणतंय."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर काका नेहमीसारखे लाकूड-तारा आणायला बाहेर पडले. तिघांनी अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "आम्ही शिवाजी पार्कला मॅच बघायला चाललो!" पाय आपटत जिना उतरले आणि चपला हातात घेऊन मागच्या जिन्यानं परत वर आले. काकांच्या खोलीतल्या पोटमाळ्यावर तिघं एकमेकांना चिकटून बसले.

दार वाजलं. "रघूदादा!" लवू कुजबुजला.

पण आत आली ती रखमाआत्या! काकांची थोरली बहीण. हातात ओलं गोणपाट. बाळाला दुपट्यात घ्यावं तसा तिनं बास त्यात गुंडाळला, तांब्यातलं पाणी वरून शिंपडलं आणि थोपटत म्हणाली, "आता तुटू नको हां!"

तेवढ्यात लवूला शिंक आली.

"कोण ता? घूस काय?"

"घूस नाही गो आत्या, मी!"

तिघं खाली उतरले. आत्या आधी रागावली, मग हळूच म्हणाली, "जन्म गेला माझा वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळता गुंडाळता. तिथे हवा मुद्दाम दमट ठेवत. सुकी हवा लागली की धागा तुटलाच! लग्नात तार तुटली, धोंडूचा डोळा थोडक्यात वाचला. त्याचं तोंड बघवेना मला. म्हटलं, धोंडूची तार मी सांभाळीन. तो यायच्या आत गोणपाट काढून ठेवायचे."

"सापडला चोर! काकांना सांगतो!" लवू दाराकडे पळाला. सुभद्रानं त्याचा सदरा धरला. आत्या तोडायला नव्हती आली, जपायला आली होती. हे ओरडून सांगायचं कसं?

ती आत्याशेजारी बसली. "आत्या, धागा कापसाचा. ही तार पोलादाची, तिला दमट हवा नको. पाण्यानं ती गंजते आणि लाकूड वाकतं."

आत्यानं गोणपाटाकडे पाहिलं. "म्हणजे धोंडूला गावी मीच धाडत होते?"

तिनं भराभर गोणपाट सोडलं आणि बास पदरानं पुसला.

"मीच सांगते त्याला," आत्या म्हणाली. काका आले तेव्हा तिनं खरंच सगळं सांगितलं. काकांनी ओलं गोणपाट उचलून उलटसुलट पाहिलं. मुलांचा जीव टांगणीला! मग ते एकदम हसत सुटले. "ताई, गिरणी बंद पडली तरी तुझं खातं चालूच होय गो!"

काका बास गच्चीत उन्हात ठेवायला निघाले, तसा हरेश्वर आडवा आला. "उन्हात नको काका! वल्हं उन्हात वाळवलं की चिरतं. सावलीत, वाऱ्यावर ठेवा!"

बास गॅलरीच्या सावलीत विसावला. "मग आता मी काय करू?" आत्यानं विचारलं.

"खोळ शिव! कोरडी!" सुभद्रा म्हणाली. आत्यानं ट्रंकेतून गिरणीचं मांजरपाट काढलं आणि सुई ओवली.

रविवारी अण्णा आले. काकांनी नव्या तारा चढवून दांडी सरळ करून ठेवली होती. अण्णांनी बास आधी लवूच्या मांडीवर दिला. लवूनं जीभ बाहेर काढून तार छेडली. "ढुम्म!" स्वच्छ, गोल आवाज! मग अण्णांनी डोळे मिटून वाजवायला घेतलं, आणि गॅलरीचे लोखंडी गज गुणगुणायला लागले.

रघू बेंजो घेऊनच वर आला. "म्हस बरी झाली वाटतं!"

"रघूदादा, आम्ही तुलाच चोर समजलो होतो," सुभद्रा म्हणाली.

"समजा की! पण पुढचा बास आमच्या पार्टीला पाहिजे!"

अण्णांनी पेन्सिलीनं सही केली आणि काकांनी तापल्या तारेनं ती लाकडावर उमटवली. सगळी हकिगत ऐकून खोळीवरून हात फिरवत अण्णा म्हणाले, "पोरांनो, चोर तर कोणीही पकडेल. तुम्ही आत्याला सांभाळलंत, शाब्बास!"

काका गावी गेले नाहीत. गिरगावच्या दुकानात त्यांचे बास लागले, आणि प्रत्येक बासवर आत्याची खोळ.

रखमाआत्या एकोणीसशे ब्याण्णवच्या भाद्रपदात वारली. तिनं शिवून ठेवलेल्या खोळी काका पुढेही वापरत राहिले. धोंडूकाका शहाण्णवच्या मे महिन्यात वारले, तेव्हा ट्रंकेत एक खोळ उरली होती.