पट्टा कुणी लावला

कागदावर उतरवल्याशिवाय फोरमन कुठल्याच कामाला हात लावत नसे. पंपांच्या कारखान्यात वीस वर्षं काढलेली. तिथे सगळे त्याला फोरमन म्हणत, आणि होता होता गल्लीतही तेच नाव चिकटलं. शनिवारी दुपारी त्याने जेवणाचं टेबल पुसून घेतलं, नकाशा पसरला आणि पेन्सिलीला टोक काढलं. नऊशे किलोमीटर जायचं होतं. पुढे त्याची पिकअप, पिकअपला जोडलेला ट्रेलर आणि ट्रेलरवर बांधलेली जुनी जीप. दोन दिवस नुसता रस्ता, मग चार दिवस वाळूच्या टेकड्यांवर जीप चढवायची-उतरवायची आणि परत. लोक सुटीत हवा खायला जातात, हे दोघं वाळू खायला निघाले होते.

टायरची हवा, जादा चाक, पाण्याचे कॅन, दर शंभर किलोमीटरला थांबून ट्रेलरची चाकं मधोमध हाताने चाचपायची, तापली असली तर पुढे जायचं नाही. सगळं त्याने लिहून काढलं. ट्रेलरवरचं ओझं नेहमी पुढच्या अंगाला जास्त हवं, नाहीतर ट्रेलर कुत्र्याच्या शेपटीसारखा हलायला लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाच खड्ड्यात घालतो. तेही लिहिलं.

बायको समोर बसून ऐकत होती. खरं तर बेत तिचाच होता. जीप तिच्या दादाची होती आणि त्याच वाळूत दोन वर्षांपूर्वी दादा गेला होता. एक चढण त्याची राहून गेली होती. ती आता आपण चढायची, दादाच्याच जीपने, असं तिने ठरवलं, आणि त्यासाठी तीन महिने रिकाम्या मैदानात जीप शिकली. नाही म्हणायला फोरमनकडे कारण नव्हतं. जे होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

त्या वेळी त्याने सगळ्यांना सांगितलेली हकीकत अशी. जीप वाळूत रुतली. दादाने उतरून ओढायचा पट्टा स्वतःच पिकअपच्या मागच्या गोळ्याला अडकवला आणि परत जीपमध्ये जाऊन बसला. आता हा गोळा म्हणजे मुठीएवढं भरीव लोखंड. ट्रेलर जोडायला तो ठीक, पण रुतलेली गाडी हिसक्याने ओढायला त्याला कधीही, कधीही पट्टा लावायचा नसतो. पट्टा ताणला जातो, गोळा मानेपाशी तुटतो आणि तोफेतून सुटल्यासारखा मागच्या गाडीवर जातो. तो दादाच्या काचेतून आत गेला आणि कपाळ घेऊनच मागच्या सीटमध्ये रुतला. फोरमन धावत पोचला तेव्हा दादाचे हात स्टेअरिंगवरच होते. भुवयांच्या वर काही उरलं नव्हतं.

यातलं एकच वाक्य खोटं होतं. दादा उतरलाच नव्हता. पट्टा फोरमनने लावला होता. पिकअपच्या शॅकलची, म्हणजे पट्टा लावायच्या जाड कडीची, पिन वाळूने अडकली होती, ऊन मी म्हणत होतं आणि त्याला घाई झाली होती. दादाने खिडकीतून डोकं काढून सांगितलंही होतं, "जावईबापू, गोळ्याला नको हं... जरा दम धरा, पिन मी सोडवतो." फोरमन म्हणाला, "काही होत नाही." तिथे तिसरं माणूस नव्हतं. मेलेला माणूस काही सांगायला येत नाही, असं फोरमन तेव्हा धरून चालला होता.

नऊशे किलोमीटर निघण्याआधी एक चाचणी हवी. रविवारी सकाळी जीप ट्रेलरवर चढवून, चार पट्ट्यांनी करकचून बांधून दोघं निघाले. आधी वजनकाटा, मग गावाबाहेरची बंद पडलेली दगडखाण, तिथे जीप एकदा चढावर चालवून बघायची आणि दुपारच्या जेवणाला घरी.

काट्यावर पिकअप सोडून नुसता ट्रेलर उभा केला. दोघं खाली उतरून बाजूला थांबले. काटेवाला जाळीच्या खिडकीआड बसून आकडा बघत होता. त्याने आकडा बघितला, जीपकडे बघितलं आणि वैतागून खिडकीतून हात बाहेर काढला.

"साहेब, त्या माणसाला उतरवा ना खाली."

"कुठल्या माणसाला?"

"जीपमध्ये बसलाय तो. वजनाच्या वेळी गाडीत कुणी नको, बोर्ड लावलाय केवढा मोठा."

जीप रिकामी होती. फोरमनने दार उघडून दाखवलं. काटेवाला डोळे चोळत म्हणाला, "काचेवर ऊन असेल." पण चिठ्ठी हातात आली तेव्हा कागदावरच्या हिशेबापेक्षा वजन ब्याण्णव किलोने जास्त भरलं. फोरमनने पाण्याचे कॅन धरले, जॅक धरला, जादा चाक धरलं. ते सगळं आधीच धरलेलं होतं.

"दादा ब्याण्णव होता," बायको चिठ्ठीकडे बघत हळूच म्हणाली. "म्हणायचा, माझं शतक आठ धावांनी हुकलं."

"काट्याला काय झालंय! गंजलेला काटा आहे तो," फोरमन खेकसला. उगाच खेकसला, हे त्याचं त्यालाही कळलं.

रस्त्याला लागल्यावर ट्रेलर हलू लागला. आधी थोडा, मग जास्त. वजन पुढे होतं, टायर ठीक होते, हलायचं काही कारण नव्हतं. साठच्या वेगाला तो असा आडवा फिरला की पिकअपचं मागचं अंग रस्त्यावरून उचलून बाजूला आपटलं. बायकोचं डोकं दारावर आदळलं आणि भुवईतून रक्त आलं. फोरमनने ब्रेकवर पाय दिला नाही, वेग हळूहळू मरू दिला आणि गाडी कडेला घेतली. मागे जाऊन बघितलं तर चारही पट्टे घट्ट होते. फक्त जीपचं स्टेअरिंग पूर्ण डावीकडे वळलेलं होतं. निघताना त्याने ते सरळ करून दोरीने बांधलं होतं. दोरी तुटलेली नव्हती, सोडून व्यवस्थित गुंडाळून सीटवर ठेवलेली होती.

"परत जाऊ या," तो म्हणाला.

"खाण आलीच की." रुमाल भुवईवर दाबून ती म्हणाली. "आता इथून परत गेलो ना, तर मी पुन्हा कधीच जायची नाही. मला माहितीये."

खाणीत चिटपाखरू नव्हतं. तिन्ही बाजूंनी कापलेला दगड, मध्ये भुसभुशीत चुरा. भर दुपारचं ऊन त्या दगडांवरून अंगावर येत होतं आणि तरीही वारा थंड होता. हवेला एक वास होता... तापलेल्या इंजिनाचा, आणि त्याखाली दुसरा, गोडसर. तो फोरमनने एकदाच घेतला होता. त्याने तोंडाने श्वास घ्यायला सुरुवात केली.

जीप उतरवली, ट्रेलर सोडवून बाजूला लावला. बायकोने जीप चढावर घातली आणि ती पंधरा फूटही गेली नसेल तोच चारही चाकं चुऱ्यात बुडाली. मागच्या चाकांनी दगडाचा मारा केला, एक दगड फोरमनच्या पोटरीला लागून चामडी सोलली गेली. मग इंजिन बंद पडलं.

आता ओढायलाच हवी होती. फोरमनने पिकअप उलटी आणून जीपच्या तोंडाशी उभी केली. पट्ट्याचं एक टोक जीपच्या हुकाला अडकवलं. दुसरं टोक घेऊन तो पिकअपमागे वाकला. शॅकलची पिन अडकलेली होती. त्याने हातोड्याने ती सोडवली, पट्टा कडीत घातला, पिन पुन्हा बसवली, दोनदा ओढून बघितलं. कामात चूक नव्हती. मग तो पुढे जाऊन बसला आणि आरशात बघितलं.

पट्टा गोळ्याला होता.

तो उतरला. खरंच गोळ्याला होता. त्याने तो काढला, कडीत लावला, पिन घातली. पाठ फिरवून चार पावलं टाकली आणि मान वळवली. पुन्हा गोळ्याला.

"अगं... उतर," तो म्हणाला. "उतर खाली, राहू दे."

काचेआड बायको दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून बसली होती. भुवईवरचं रक्त खाली गालापर्यंत आलं होतं. ती समोर बघत होती.

"अगं, ऐकतेस ना?"

"ओढा ना." आवाज तिचाच होता. "काही होत नाही."

फोरमनने पट्टा दोन्ही हातांनी धरून गोळ्यावरून उपसायला घेतला. तो निघेना. बघतो तर पट्टा सैल राहिलाच नव्हता. बंद इंजिनाची जीप, चाकं चुऱ्यात बुडालेली, आणि ती मागे सरकत होती. इंचाइंचाने. पट्टा कर्र... कर्र करत ताणला जाऊ लागला. पिकअपचं मागचं अंग खाली बसलं. गोळ्याच्या मानेवर केसाएवढी भेग पडलेली त्याला दिसली. आता गोळा सुटला की कुठे जाणार हे जगात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. समोर काच होती आणि काचेमागे त्याची बायको.

"पट्टा कुणी लावला, जावईबापू?"

तोच बायकोचा आवाज. लग्नाला चौदा वर्षं झाली, तिने त्याला अशी कधी हाक मारली नव्हती.

"मी..." तो म्हणाला. भेग रुंद झाली. मग तो धावला. भित्रा माणूस होता, कबूल, पण त्या वेळी तो धावला, आणि काचेसमोर जीपच्या बॉनेटवर चढून, तिला पाठीशी घालून हात पसरून उभा राहिला. "मी लावला होता! मी! दादा उतरलाच नव्हता! तो नको म्हणत होता आणि मी लावला, मी मारलं त्याला... तिला सोड, दादा, तिला सोड!"

गोळा तुटल्याचा आवाज त्याने ऐकला नाही. डाव्या खांद्यात आधी नुसता धक्का बसला. मग तो बॉनेटवरून उडून चुऱ्यात पडला आणि आपला हात आपल्यापासून वेगळा, शर्टाच्या बाहीतल्या चार धाग्यांना लोंबतो आहे असं त्याला दिसलं. खांद्याचं हाड खडीसारखं फुटून बाहेर आलं होतं. रक्त चुऱ्यात पडत होतं आणि पडल्या पडल्या चुरा ते पिऊन टाकत होता. शुद्ध जाता जाता त्याने काचेकडे बघितलं. काच धड होती. ती वाचली एवढंच त्याच्या मनात आलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला हलकं वाटलं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याला नीट शुद्ध आली. डावा हात नव्हता. दुपारचं ऊन खाटेवर आलं होतं. बायको शेजारी बसून त्याच्या ओठांना कापसाने पाणी लावत होती. तिच्या डोळ्यांत राग शोधावा म्हणून त्याने बघितलं. तिथे नुसतं जागरण होतं.

"तुला... लागलं नाही ना?" त्याने विचारलं.

"मला कसं लागेल?"

"काच फुटली असती तर... तू आत..."

"आत कुठे?" ती कापूस हातात धरून थांबली. "तुम्हीच मला आधी उतरवलंत ना? म्हणालात, पट्टा ताणताना गाडीत कुणी नको, वर कडेला जाऊन उभी राहा. मी वरच होते. तुम्ही बॉनेटवर चढलात तेव्हा केवढ्या हाका मारल्या तुम्हाला!"

आपण तिला उतरवल्याचं फोरमनला अजिबात आठवत नव्हतं. आठवत होती ती काचेमागची बाई, तिचे स्टेअरिंगवरचे हात आणि तिचा आवाज.

"रिकाम्या गाडीपुढे असे हात पसरून का उभे राहिलात हो?" तिचा आवाज फुटला. "आणि ओरडत काय होतात? दादा, दादा... एवढंच कळलं मला. बाकीचं वाऱ्याने येऊ दिलं नाही."

म्हणजे तिने ऐकलंच नव्हतं. तिला अजून काही माहीत नव्हतं. तिच्यासमोर ते सगळं पुन्हा एकदा, शुद्धीत, तिच्या डोळ्यांत बघून म्हणायला हवं होतं. ती वाट बघत होती. तिने त्याचा उरलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता, आणि तिचे हात इतके ऊबदार होते की फोरमनचं धैर्य तिथेच खचलं.

"काही नाही," तो म्हणाला. "घाबरलो होतो. काहीतरी बरळत असेन."

तिने मान हलवली आणि पाण्याची वाटी ठेवायला वळली. नर्सने सकाळीच खाटेची चारही चाकं पायाने दाबून पक्की केली होती. खाट दाराच्या दिशेने वीतभर सरकली.

बायकोने खाली बघितलं, मग त्याच्याकडे. "अहो," ती म्हणाली, "ही खाट कोण ओढतंय?"