आत्याची तोंडी परीक्षा

"शंभरातून दहा-दहा वजा करत चला," धन्वा म्हणाला.

धन्वा म्हणजे रुग्णालयातला यंत्रमानव. रोज सकाळ-संध्याकाळ तो कुमुदआत्याला असले बालवाडीतले प्रश्न विचारायचा. आणि आत्या तर कॉलेजात गणित शिकवणारी! आजार गाठींचा आणि परीक्षा वजाबाकीची, हे कोडं तिच्या छोट्या भाचीला, शर्वरीला, काही केल्या सुटेना.

"नव्वद, ऐंशी..." आत्या अडखळली.

धन्वाने घड्याळ पुढे धरलं. "हे काय आहे?"

आत्या नुसती बघत राहिली. ती नापास झाली तर तिला घरी कसं सोडणार? शर्वरीने धन्वाच्या पाठीमागून ओठ हलवले.

"घड्याळ," आत्या म्हणाली.

धन्वा निघून गेला. आत्याने पाण्याच्या पेल्याकडे हात केला. "ते... ते..." शब्द सापडेना, डोळे भरून आले. शर्वरी धन्वामागे धावत सुटली.

"धन्वा, थांब! उत्तर मी सांगितलं होतं तिला!"

धन्वाने ताबडतोब डॉक्टरांना बोलावलं. आत इंजेक्शनची धावपळ सुरू झाली. बाहेर शर्वरी रडवेली होऊन म्हणाली, "कॅन्सर मेंदूत गेला का रे?"

"तसं दिसत नाही. तिला लिम्फोमा आहे, म्हणजे लसिका ग्रंथींचा (शरीराचं रक्षण करणाऱ्या गाठींचा) कर्करोग. तिच्याच रक्तातल्या टी-पेशींना (सैनिक पेशींना) रोग ओळखायला शिकवून आपण परत आत सोडलंय. लढताना त्या एकमेकींना सायटोकाइन (रासायनिक निरोप) पाठवतात. निरोपांचा फार गोंगाट झाला, की रक्त आणि मेंदू यांच्यामधलं कुंपण सैल होतं आणि मेंदू गोंधळतो. अशा वेळी शब्द लवकर हरवतात. तेव्हाच औषध दिलं तर बहुतेकदा सगळं निवळतं. उशीर झाला तर फीट येते, शुद्धही हरपते."

"म्हणजे ही परीक्षा पास होण्यासाठी नव्हतीच?"

"नाही. चूक लवकर सापडावी म्हणून होती."

आणि तीच चूक आपण झाकली! शर्वरीला स्वतःचाच राग आला. ती रात्र तिने कशी काढली, तिलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धन्वाने पुन्हा घड्याळ दाखवलं. आत्याने ते निरखून पाहिलं. शर्वरीने दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबलं.

"घड्याळ," आत्या हळूच म्हणाली. "आणि त्या पोरीला आधी श्वास घेऊ दे, गुदमरेल ती!"

शर्वरी हसता हसता रडली. मग नाक पुसत म्हणाली, "धन्वा, त्या पेशींना लढताना जरा हळू बोलायला शिकवता येईल का?"

"शास्त्रज्ञ त्याच्याच मागे आहेत."

"मग मोठेपणी मीच शिकवीन!"

"शिकव गं बाई," आत्या म्हणाली. "फक्त त्यांच्या परीक्षेत मागे उभी राहून ओठ हलवू नकोस म्हणजे झालं!"