बर्फात पुरलेली स्की

तंबूची खुंटी तिसऱ्यांदा उखडली, तेव्हा शाल्मलीने ती हातात धरून नीट पाहिली. ती वाकली नव्हती, तुटली नव्हती. बर्फात रुतली तर किती सहज होती. मग दोरीला ताण बसताच तेवढ्याच सहज बाहेर का येत होती?

तेरा वर्षांची शाल्मली खरात आणि तिची आत्या, हिमशास्त्रज्ञ डॉ. कुंदा खरात, हिमाचलमधल्या लाहौलच्या डोंगरात स्कीवरून निघाल्या होत्या. स्की म्हणजे पायांना बांधायच्या लांब, चपट्या पट्ट्या. त्या असल्या की माणूस भुसभुशीत बर्फात बुडत नाही. वरच्या धारेवर एक मनोरा होता. हिमस्खलनाची (बर्फाचा मोठा थर उतारावरून कोसळण्याची) चाहूल लागली की तो खालच्या गावात भोंगा वाजवायचा. गेल्या वादळापासून तो मुका झाला होता. वाऱ्यात ड्रोन उडत नव्हते आणि दुरुस्ती उन्हाळ्यात होईल, असं हिमसुरक्षा केंद्राने कळवलं होतं.

“तोवर गावाने नशिबावर हवाला ठेवून झोपायचं का?” असं म्हणून आत्याने स्की बांधल्या होत्या.

सोबत होता खेचर. हा चार पायांचा, सामानाची घसरगाडी ओढणारा यंत्रमानव केंद्राचा होता आणि केंद्राचेच नियम पाळायचा. दुपारी एका उतारावर आत्याचा गुडघा पिरगळला. आता ती घसरगाडीवर बसून होती, वारा वाढत होता आणि तंबू लावायला शाल्मली एकटीच होती.

“खुंट्या टिकत नाहीत,” खेचर म्हणाला. “नियमानुसार मुक्काम रद्द. मी कुंदाताईंना ओढत परत नेतो. शाल्मली, तू मागून ये.”

“परतीची वाट खालच्या घळीतून आहे,” शाल्मली म्हणाली. “सकाळपासून वारा घळीच्या माथ्यावर बर्फ नेऊन टाकतोय. तो कधीही कोसळेल. मी नाही येणार.”

“तू अल्पवयीन आहेस. तुझा निर्णय मला नोंदवता येत नाही.”

“मग नको नोंदवूस.”

“माझा नोंदव,” आत्या म्हणाली. “मी तिच्या बाजूने आहे.”

खेचरने ते नोंदवलं. “अंधार पडायच्या आत तंबूच्या दोरीने माझी ओढ सोसली, तरच मुक्काम. नाहीतर परत.”

शाल्मलीने स्कीने बर्फ तुडवून सपाट केला आणि तंबू उलगडला. केंद्राने त्यांना बटण दाबताच फुगणारा नवा, हलका तंबू देऊ केला होता. आत्याने तो परत केला आणि हा जुना, जड तंबू घेतला, तेव्हा शाल्मली कुरकुरली होती. आता तंबूच्या लवचिक काड्या ओवताना तिला एकेक गोष्ट समजू लागली. काड्या एकमेकींना छेदत होत्या, म्हणजे साचलेल्या बर्फाचा भार एकीवर न येता सगळ्यांवर वाटला जाणार होता. कापडाचे दोन थर होते. श्वासातली वाफ आतल्या थरातून निघून बाहेरच्या थरावर गोठते, म्हणून पांघरुणं कोरडी राहतात. खाली रुंद झालर होती. तिच्यावर बर्फ रचला की वाऱ्याला आत शिरायला फट उरत नाही. तिने तंबूची निमुळती, बुटकी बाजू वाऱ्याकडे केली आणि दार वाऱ्याच्या आडोशाला.

पण दोऱ्या बांधायच्या कशाला?

“स्की आडवी पूर,” आत्या म्हणाली. “दोरी तिच्या मध्यावर बांध. उभी खुंटी बर्फ चिरत निघून येते. आडव्या स्कीला मात्र बाहेर यायचं तर पुढचा सगळा बर्फ ढकलावा लागतो.”

शाल्मलीने फावड्याने चर खणला, स्की पुरली, वर बर्फ लोटला आणि लगेच दोरी ओढली. पिठातून पळी निघावी तशी स्की वर आली.

“नापास,” खेचर म्हणाला.

शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने हातमोज्याने पुसलं आणि पुन्हा फावडं उचललं. “माझं अजून संपलेलं नाही.”

“या वेळी बर्फ नीट तुडव,” आत्या म्हणाली. “आणि मग दोरीला हात लावू नकोस.”

“आत्या, वारा बघ ना.”

“बघतेय. तरीही थांब. दुसरी स्की पूर तोवर.”

थांबणं हे खणण्याहून अवघड होतं. शाल्मली उरलेल्या स्की पुरत राहिली आणि आत्या बोलत राहिली.

“ताज्या हिमाच्या चांदणीला सहा नाजूक हात असतात. तू तुडवलंस की ते मोडतात आणि कण जवळजवळ येतात. पण अजून ते नुसते टेकलेले असतात. आता गंमत बघ. बर्फ एवढा थंड असला तरी त्याच्या कडांवरचे रेणू (पदार्थाचे अतिसूक्ष्म घटक) स्वस्थ बसत नाहीत. ते सुटतात आणि त्यांची वाफ होते, मधे पाणी न होताच. याला संप्लवन म्हणतात. दोन कण टेकतात तिथल्या खाचेत जाऊन ती वाफ पुन्हा गोठते. खाच भरते आणि कणाला कण जोडला जातो.”

“बरणीतल्या मिठाचे दमट हवेत खडे होतात, तसं?”

“जवळपास तसंच. तिथे ओलावा कण जोडतो, इथे बर्फ स्वतःच स्वतःला जोडतो. शास्त्रज्ञ याला सिंटरिंग म्हणतात (कण पूर्ण न वितळता एकमेकांना सांधले जाणे). त्याला फक्त वेळ द्यावा लागतो.”

उजेड ओसरू लागला तेव्हा शाल्मलीने पहिल्या जागेवर टाच आपटली. मघाचा भुगा आता टणक लागत होता.

“ओढ,” ती खेचरला म्हणाली.

खेचरने दोरी ओढली. दोरी ताठ झाली. त्याने जोर वाढवला, तसे त्याचेच पाय बर्फावर घसरले. स्की जागची हलली नाही.

“मुक्काम मान्य,” खेचर म्हणाला.

दोघी तंबूत शिरल्यावर खेचरने बाहेरून सल्ला दिला, “थंडी वाढेल. वरचा झरोका बंद करा.”

“नाही करणार,” शाल्मली म्हणाली. “आमच्या श्वासाची वाफ जायला वाट हवी, आणि आम्हाला ताजी हवा.”

रात्रभर कापड फडफडत राहिलं, पण दोऱ्या सुटल्या नाहीत. उजाडल्यावर शाल्मलीने दार उघडलं. खाली घळ ओळखूच येत नव्हती. माथ्यावरचा बर्फ कोसळून परतीची वाट ढिगाऱ्याखाली गेली होती. खेचर बराच वेळ तिकडे पाहत उभा होता.

वायरलेसवर केंद्राचा निरोप आला: जागेवरच थांबा, वारा पडलाय, ड्रोन पाठवतो.

मनोरा समोरच्या सौम्य चढावर दिसत होता. आत्याने शाल्मलीकडे पाहिलं. “मी घसरगाडीवर बसते.”

शाल्मलीने स्की खणून काढल्या, आणि खेचर या वेळी नियम न सांगता घसरगाडी ओढू लागला.

मनोऱ्याच्या, उतारावर नजर ठेवणाऱ्या काचेच्या डोळ्यावर बर्फाचं दगडासारखं कवच बसलं होतं. “हेही सांधलंय,” शाल्मली म्हणाली आणि फावड्याच्या दांड्याने हळूहळू ठोकत तिने ते फोडलं. आत्याने तारा तपासल्या, चाचणीची कळ दाबली. खाली दूरवर भोंगा घुमला. घरांच्या गच्च्यांवर माणसं आली आणि हात हलवू लागली.

“तुम्हाला थांबायला सांगितलं होतं,” केंद्रातून आवाज आला.

“ऐकलं होतं,” आत्या म्हणाली आणि तिने वायरलेस बंद केला.

शाल्मली विचारात पडली होती. “आत्या, चंद्रावरची धूळ अशी सांधता येईल? म्हणजे तिथे घरं बांधता येतील.”

“नुसती थांबून नाही सांधली जायची. उन्हाची उष्णता एकवटावी लागेल. काही जण प्रयत्न करताहेत.”

“मला तिथे जाऊ देतील?”

“आधी नाहीच म्हणतील.”

शाल्मलीने वाकून स्कीचे पट्टे आवळले. “म्हणू देत,” ती म्हणाली.