आजोबा कुणाच्याच यादीत नव्हते

"तुमच्या फॉर्ममध्ये आमचे आजोबा सापडत नाहीत!" मी आल्या आल्या त्याला झापलं.

तो टेबलाखाली वायर जोडत होता. बाहेर आला तेव्हा केसांत जळमट. "आधी पाणी तरी पिऊ द्या..."

आमच्या वृद्धाश्रमात भेटीची वेळ ठरवायला कॉम्प्युटरवर नवा फॉर्म आला होता. तो बसवायला आलेला हा प्रोग्रामर. आणि भेटींच्या नोंदी बघणारी मी. लॉगिन केलं की यादीत ज्याला त्याला आपलंच माणूस दिसायचं—मुलाला आई, सुनेला सासरे. पण खिडकीजवळच्या आजोबांना सख्खं-चुलत कुणीच नव्हतं. तरी भेटीच्या दिवशी धुतलेला शर्ट घालून ते दाराकडे डोळे लावून बसायचे. मला अगदी गलबलून यायचं.

"नातेवाईक नोंदवला असेल, तरच त्याच्या यादीत नाव येतं," तो म्हणाला.

"मग नोंदवा की कुणालातरी!"

त्याने केसांतलं जळमट काढलं. मग हळूच—"मला नोंदवा."

"नातं?"

"ओळखीचा... असं लिहा."

"ओळख आहे का तुमची?"

"आज होईल."

फॉर्मचं काम संपलं, तरी तो येत राहिला. लॉगिन करायचा, यादीतलं ते एकुलतं एक नाव निवडायचा आणि आजोबांशी पत्ते खेळून हरायचा. जाताना माझ्या टेबलापाशी "येतो" म्हणायचा... आणि तिथेच घुटमळायचा.

"माझ्यासाठी येतो म्हणे!" आजोबा मला म्हणायचे. "पोरी, मी म्हातारा झालोय, आंधळा नाही."

एका पहाटे आजोबा झोपेतच गेले. फॉर्ममधून नाव काढायचं काम माझंच होतं. आजोबांसाठी रडले, खोटं कशाला बोलू, स्वतःसाठीही रडले. आता तो कशाला येईल?

पुढच्या भेटीच्या दिवशी तो आला. ओली छत्री कोपऱ्यात ठेवली, सवयीने लॉगिन केलं आणि यादी उघडली. रिकामी.

"मीच काढलं नाव," मी कसंबसं म्हणाले.

"आता मी... कुणाला भेटायला यायचं? तुमचं नाव घालता येईल का?"

"इश्श! मी काय म्हातारी झालेय, इथे नाव घालायला?" मी हसले, आणि हसता हसताच डोळे भरून आले.

तो हसला नाही. "थट्टा नाही करत. तुम्ही मला आवडता. आजोबांना ठाऊक होतं."

मी पुढे होऊन कॉम्प्युटर बंद केला.

"फॉर्ममध्ये नको. घरी या. दार आई उघडेल. नातं विचारल्याशिवाय ती कुणाला आत घेत नाही."

"काय सांगू?"

"ते तुम्ही ठरवा. पण 'ओळखीचा' म्हणालात ना... तर दारातूनच परत पाठवेल."