आहे, बस

आमची ओळख झाली तेव्हा मी जमिनीवर पडलेलो होतो.

मी बस चालवायचो. शहरात नवे थांबे व्हायचे होते. ते बांधण्याआधी तपासून बघायला आमच्या डेपोतून काही ड्रायव्हर बोलावले होते. मला वाटलं, नकाशे दाखवतील. नेलं एका रिकाम्या हॉलमध्ये. खाली करडं जाजम, कोपऱ्यात टेबल आणि कॉम्प्युटर. डोळ्यांवर एक जाडजूड चष्मा चढवला, कानांवर हेडफोन — आणि हॉल गायबच झाला. मी रस्त्यावर उभा. संध्याकाळ झालेली, पाऊस पडतोय, समोर थांबा. छप्पर, खांब, लाकडी बाक. बाकाच्या फटींतून पाणी ठिबकत होतं. मी पावसात हात धरला, तर हात कोरडाच…

हेडफोनमधून एका बाईचा आवाज आला, "बस…"

मी बसलो.

"…येतेय, उजवीकडे बघा," असं तिला म्हणायचं होतं. मध्येच कॉम्प्युटर अडकला म्हणून ती थांबली होती. पण तोवर मी त्या नसलेल्या बाकावर बसलो होतो, म्हणजे थेट खाली.

"लागला! लागला!" ती आनंदाने ओरडली.

"हो, चांगलाच मार लागला," मी कंबर चोळत म्हणालो.

"तुम्हाला नाही हो — दिवा! दिवा लागला!"

ती धावत आली आणि तिने माझा चष्मा वर केला. पाऊस गेला, तिचा चेहरा आला. केस कानामागे खोचलेले, डोळ्यांत काळजी आणि ओठांवर दाबून धरलेलं हसू.

"बाक खरा नाही, हे सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलं होतं. पण तुम्ही एकदम 'बस' म्हणालात. म्हटलं, पहिल्याच भेटीत अरे-तुरे करतायत, कुणीतरी मोठ्या साहेब असतील. मुकाट्याने बसावं."

ती लाल झाली. मग म्हणाली, "माझ्या बाकावर एवढा विश्वास अजून कुणी ठेवला नव्हता."

तो थांबा तिनेच आखला होता. बाकावर कुणी बसलं की खांबावरचा दिवा लागायचा. म्हणजे लांबून येणाऱ्या ड्रायव्हरला अंधारात, पावसात कळावं, इथे कुणीतरी वाट बघतंय. अशी माणसं न दिसल्यामुळे मीही मागे टाकून गेलो असेन. तिला सुचण्याआधी आमच्यातल्या कुणाला हे सुचलं नव्हतं.

आमच्यातला सगळ्यात जुना ड्रायव्हर, आम्ही त्याला मामा म्हणायचो. त्याने तिचं नाव 'पाऊसबाई' ठेवलं, कारण प्रत्येक चाचणीत ती पाऊस पाडायची. "उन्हात काय, सगळंच दिसतं," ती म्हणायची. एकदा तिने चष्म्यातलं सगळं शहर धूसर केलं आणि स्वतः त्यात चालून बघितलं. तिच्या आईला मोतीबिंदू होता. आईला थांबा कसा दिसेल, ते तिला बघायचं होतं. अडखळत, हात पुढे करून ती हॉलभर फिरली, आणि मी भिंतीला टेकून बघत राहिलो. मला चष्मा नव्हता. मला फक्त ती दिसत होती.

दिवा एकदा ट्रकमागे लपला. मी सांगितलं. ती तोंड वाकडं न करता म्हणाली, "पाडूया सगळं. इथे कुठे सिमेंट लागतंय?" संध्याकाळपर्यंत नवा खांब उभा.

माझं जास्त काम बस चालवायचं. त्यासाठी हॉलमध्ये खरी खुर्ची आणि स्टिअरिंग होतं. पण चष्मा लावल्यावर खुर्ची दिसायची नाही. तेव्हा ती खुर्चीवर दोनदा थाप मारायची आणि म्हणायची, "आहे. बसा."

शेवटच्या दिवशी मामा माझ्या कानाशी लागला. "आज बोल बाबा. नाहीतर उद्यापासून तू डेपोत आणि पाऊसबाई इथे."

"काय बोलू?"

"ते पण मीच सांगू? मग लग्नही मीच करतो."

मी चष्मा लावला. बस सुरू केली, वायपर सुरू झाले. वळणावर लांबून दिवा दिसला — उंच, स्वच्छ, पिवळा. जवळ गेलो तर बाकावर एक करडी बाहुली बसलेली. आधी कधी नव्हती. तिने हात हलवला. मी ब्रेक दाबला.

"कुठे जायचंय?" मी विचारलं.

"बस कुठे जाते?" हेडफोनमध्ये तिचाच आवाज.

"डेपोला. शेवटची फेरी आहे."

"आणि तिथून पुढे?"

"पुढे… ठरलेलं नाही."

"ड्रायव्हरलाच माहीत नाही? कमाल आहे."

वायपर फिरत राहिले.

"मला रोज तुम्हाला भेटायचंय," मी म्हणालो. "पाऊस असो, नसो."

मी चष्मा काढला. ती समोरच बसली होती, दोघं मावतील अशा लांबट स्टुलावर. तिचा चष्मा मांडीवर होता. किती वेळ ती मला तशीच बघत होती, कोण जाणे. तिने शेजारच्या जागेवर दोनदा थाप मारली.

"आहे. बस."

"बसा… की बस?"

"बस," ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

मी बसलो.

लग्नानंतर ती थाप घरातली झाली. तिच्या आईकडे, हॉटेलात, दवाखान्यात, कुठेही मी उभा राहिलो की ती जागेवर हात मारून सांगायची. शेवटी शेवटी तिला बोलायला त्रास व्हायचा. मी खाटेपाशी उभाच राहायचो, बसलो तर तिला अडचण होईल म्हणून. तिने गादीच्या कडेवर हात आपटला. एकदाच. शब्द मी मनातच ऐकले.

आता तो थांबा आमच्या रस्त्यावर आहे. तिने आखला तसाच. काल संध्याकाळी पाऊस होता, मी गेलो. बाकावर दोनदा थाप मारली, ओल्या लाकडावर. होता. बसलो. वर दिवा लागला.

वळणावरून बस आली आणि अगदी समोर थांबली. ड्रायव्हर नवा होता, मला ओळखत नव्हता. त्याने दार उघडलं आणि हाक मारली, "काका, बस!"

"बसलोय," मी म्हणालो.