कैलाशवर पडलेला पतंग

माझा पतंग पहिल्यांदा पडला, तो कैलाशच्या अंगावर. गोसीखुर्द धरणाच्या काठावर तो मोटारसायकल पुसत उभा होता आणि वरून माझं खोलीएवढं निळं कापड त्याच्यावर कोसळलं. आतून आवाज आला, तो चक्क हसण्याचा! मी तिथेच सावध झाले. डोक्यावर पतंग पडूनही जो हसतो, त्याच्या मनात काहीतरी असतंच.

नंतर कळलं, दिघोरीचा हा कैलाशही माझ्यासारखाच पायाला फळी बांधून, पतंगाच्या ओढीने पाण्यावर धावायला शिकत होता. काठावरच्या क्लबाच्या शर्यतीतही माझ्यासारखाच पहिल्यांदा उतरणार होता. नवशिक्यांत जो पहिला येईल, त्याला त्याच क्लबात शिकवायची नोकरी मिळणार होती. जागा एकच. या पाण्याने आमचं अख्खं गाव गिळलं होतं. आता त्याने मला काहीतरी परत द्यावं, असं मी ठरवूनच टाकलं होतं. त्यामुळे शर्यतीच्या आदल्या दिवशी तो जवळ आला, तेव्हा मी कान टवकारले.

"तृप्ती, शेवटच्या वळणावरून सरळ नको येऊ. बाहेरून ये."

"काहून?"

"तिथं झाड आहे. पाणी उतरलं ना... शेंडा हातभरच खाली असन."

"कोणी सांगितलं तुले?"

त्याने कान खाजवला. "असंच... कळलं."

लबाड! ते बुडालेलं गाव माझं. गाव उठलं तेव्हा लोकांनी दारं-चौकटी काढून नेल्या, झाडं तोडून नेली. एकही सोडलं नाही, असं बाबांनी मला शंभरदा सांगितलं होतं. आणि हा दिघोरीचा मला झाड दाखवत होता!

"बाहेरून गेली त मी मागं पडीन. हेच पायजे ना तुले?"

"मले काय पायजे, ते तू कधी इचारलंच नाही," तो म्हणाला आणि असा बघत राहिला, की माझ्या हातातली दोरी गुंतली. मेला, डोळेसुद्धा डावात वापरतो!

दुसऱ्या दिवशी मे महिन्याचा गरम वारा सुटला होता. फळी पाण्याला लागली आणि मी सगळं विसरले. शेवटच्या वळणावर कैलाश पुढे होता. तो बाहेरून निघाला... मी सरळ आत वळले.

त्याने मागे पाहिलं. "तृप्ती—!"

आणि पठ्ठ्या आपली वाट सोडून थेट मला आडवा आला! त्याला चुकवायला मला बाहेर वळावंच लागलं. तोंडात पाणी, तरी येतील तेवढ्या शिव्या दिल्या. मागे काहीतरी खाडकन वाजलं, त्याचा पतंग पाण्यावर पडला. त्याने हात वर केला, म्हणजे ठीक होता. मी थांबले नाही. पहिली आले आणि तशीच ओलीचिंब पंचांकडे गेले.

"त्यानं आडवं येऊन मले अडवलं!"

बोटीतून आणलेल्या कैलाशला पंचांनी विचारलं.

"हो, अडवलं," तो म्हणाला. बस्स, एवढंच. पंचांनी त्याला बाद केलं.

मग मी त्याची फळी पाहिली. तिच्या खालच्या पात्यात एक काळीकुट्ट फांदी अडकली होती. शर्यत बघायला आलेले बाबा पुढे झाले. त्यांनी त्या लाकडाला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला.

"मातामायचा निंब," ते म्हणाले. "बाकी सारे झाडं तोडले. पण देवीच्या झाडाले कुऱ्हाड कोण लावन?"

शंभरदा सांगताना एवढं एकच झाड त्यांनी वगळलं होतं. मला एकदम रडू आलं. आणि संशयही.

"बाबा, तुम्हीच सांगितलं याले? हा तुमाले कुठं भेटला?"

बाबा आभाळाकडे बघायला लागले. कैलाशने पुन्हा कान खाजवला.

"घरी गेलो होतो मी. तुझ्यासाठी... इचाराले. ते म्हणाले, पोरगी आयकत नाही कोणाचं, पण पाण्यातला निंब तेवढा सांग तिले."

"मंग मले सरळ सांगितलं काहून नाही?"

"आधी तुलेच इचाराले पायजे होतं ना... धीरच नाही झाला."

मी परत पंचांकडे गेले. तक्रार मागे घेतली, निंबावर खुणेचा नारिंगी फुगा बांधायला लावला आणि उद्या पुन्हा शर्यत घ्या म्हणून हटून बसले. शेवटी ते कबूल झाले.

"हातातली जागा सोडली तू," कैलाश हळूच म्हणाला.

"उद्या घेईन. आन तू मुद्दाम हरला ना, त मी लग्न करणार नाही तुझ्याशी, सांगून ठेवते!"

"म्हणजे... मुद्दाम नाही हरलो त—?"

मी जीभ चावली. बाबा खोकले.

दुसऱ्या दिवशी तो जीव तोडून धावला, मीही. मी जिंकले, पण अगदी थोडक्यात. तो खरंच हरला की त्याने मला जिंकू दिलं, हे मी अजूनही विचारते, रोज सकाळी त्याच्या हातात चहाचा कप देताना. आणि तो हसतो. अगदी तसाच, पतंगाखालून हसला होता तसा.