नाव काठाला लागेपर्यंत

दर रविवारी दुपारी चार वाजता कमलाक्षी अक्का धारवाडहून आमच्या गटावर दोन शब्द टाकतात : ‘सुई टेकली.’ त्या क्षणी आम्ही सहा जण, ज्याच्या त्याच्या गावी, ज्याच्या त्याच्या घरी, एकच अल्बम सुरू करतो. तो संपेपर्यंत काही लिहायचं नाही, मध्येच उठायचं नाही. संपला की प्रत्येकानं ‘उचलली’ असं कळवायचं, मग तीन ओळींत मत आणि दहापैकी गुण. त्यानंतर अर्धा तास फोनवर सगळे मिळून बोलणं, म्हणजे भांडणं. निवडीची पाळी सहा आठवड्यांनी एकदा येते.

मी म्हैसूरला असतो. टेलिफोन खात्यात तीस वर्षं लाइन तपासण्यात गेली. कुठली घरघर ओल्या तारेची आणि कुठली सैल जोडाची, हे मला नुसतं ऐकून कळायचं. रोज पूजा करतो, एकादशी पाळतो, हरिकथा म्हटली की जेवण सोडून जातो. पण जे कळलं नाही त्याला भुताटकी म्हणायची सवय मला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गटात माझं आणि बंगळूरच्या श्रीकंठचं कधी जमलं नाही. माणूस अठ्ठेचाळीसचा, घरात भिंतभर तबकड्या, त्याही सगळ्या परदेशी. बोलताना हातातलं पेन सारखं वाजवायचा, टिक-टिक, टिक-टिक. ती टिकटिक ऐकू आली की आता कुणाची तरी सालटी निघणार, हे ओळखावं. मला तो ‘दासरे’, म्हणजे दासबुवा, म्हणायचा, कारण मी हरिकथेच्या दासांचा भक्त. मागच्या पाळीला मी नागस्वराचं एक जुनं ध्वनिमुद्रण निवडलं, तर त्यानं दोन गुण दिले. “एक माझ्या सहनशक्तीला, दासरे, आणि एक वादकाच्या फुप्फुसांना.”

पंचेचाळीस मिनिटांचा नियमही त्यानंच पास करून घेतला होता. एका तबकडीच्या दोन बाजूंत मावतं तेवढंच निवडायचं. त्याहून लांब ते संगीत नव्हे, शिक्षा.

या वेळी मी ठरवलं होतं, अण्णांना ऐकवायचं. अण्णा म्हणजे माझे वडील, वेंकण्णदास. सगळी हयात त्यांनी कावेरीकाठच्या गावांतून हरिकथा केल्या आणि त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट मागे उरली. १९८४ सालची, नरसीपूरच्या देवळामागच्या मांडवातली, बरोबर साठ मिनिटांची. आख्यान एका नावाड्याचं. पुरात नाव मधोमध, नावाडी हरिनाम गातोय आणि उतारू एकेक करून उठायला बघतायत. नावाडी प्रत्येकाला म्हणतो, “नाव काठाला लागेपर्यंत उठायचं नाही.” शेवटी नाव काठाला लागते आणि अण्णा मंगळ, म्हणजे समारोपाची आरती, म्हणतात. मंगळ झाल्यावरच श्रोत्यांनी उठायचं. त्याआधी उठणाऱ्याला अण्णा भर कथेत खडसावायचे. कथेआधी सुंठ आणि खडीसाखर चावायचे, त्याचा कुडकुड आवाजसुद्धा कॅसेटच्या सुरुवातीला आहे. मी लहानपणी सूर धरायची श्रुतीपेटी घेऊन समोर बसायचो. ते म्हणायचे, “पद्दू, तू पुढे बस.” अण्णा गेले, त्यानंतर मला पद्दू कुणी म्हटलं नाही.

आता माझी चूक सांगतो. साठ मिनिटं नियमात बसत नव्हती. मी कॅसेट संगणकावर घेतली आणि कापायला बसलो. आधी अण्णांचं खडसावणं कापलं, श्रीकंठ हसेल म्हणून. मग लांबलेली पदं. तरी सहा मिनिटं जास्त. तेव्हा मी मंगळ कापलं. मनात म्हटलं, ह्या लोकांना आरतीचं काय कौतुक? खरं कारण लाज हेच होतं. चव्वेचाळीस मिनिटं पन्नास सेकंद. नाव काठाजवळ येते आणि आवाज हळूहळू विरतो. ऐकायला सुरेख वाटत होतं.

रविवारी चारला सुई टेकली. मी डोळे मिटून बसलो. शेजारी कुणीतरी मसाला कुटत होतं. चिपळ्या सुरू झाल्या आणि माझ्या डोळ्यांना जी धार लागली ती थांबेना. एवढ्यात फोन थरथरला. चार वाजून एकवीस मिनिटं. श्रीकंठ.

‘उचलली. बास झालं. नावाडी बुडो, मी चाललो.’

असं याआधी कुणी केलं नव्हतं. पाच वाजता बोलणं सुरू झालं तेव्हा तो आलाच नाही. अक्का कडाडल्या, “त्याचं तोंड दिसलं पाहिजे मला! माझ्या वाचनालयात असतं ना हे कार्टं, कार्ड काढून घेतलं असतं.”

मंगळूरची सिंचना, आमच्यात सगळ्यांत लहान, मला ‘सर’चं ‘सार’ म्हणणारी, हसत म्हणाली, “पण सार, तुमच्या वडिलांनी बरोब्बर पकडलं हो त्यांना. काय जुळून आलं!”

“कुणी कुणाला पकडलं?”

“एकविसाव्या मिनिटाला ओरडतात ना ते. ‘पेनवाले उठले का? नाव मधोमध आहे, पाय कुठे ठेवणार?’ अंगावर काटाच आला. त्याआधी ते लोकर खाली ठेवायला सांगतात, तेव्हाही मी दचकले. मी ऐकताना विणत असते ना.”

“लोकर नाही गं,” अक्का म्हणाल्या. “‘चष्मा पुसून झाला असेल तर इकडे बघा’ असं आहे ते. मी लगेच चष्मा डोळ्यांवर चढवला.”

दोघी वाद घालत राहिल्या. खडसावणं मी कापलं होतं. आणि मुळातही अण्णा तिथं पेन म्हणाले नव्हते, लोकर म्हणाले नव्हते. खांबाजवळच्या कुणा शेतकऱ्याला उद्देशून ते बोलले होते.

त्या संध्याकाळी मी गटावरची फाइल पुन्हा ऐकली. चव्वेचाळीस मिनिटं पन्नास सेकंद. खडसावणं नव्हतं. एकविसाव्या मिनिटाला फक्त चिपळ्या होत्या. दोन बायकांना एकदम भास झाला असेल. लाइनवर दुसऱ्याचं बोलणं मिसळतं, तसलं काही. मी झोपलो.

बुधवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

“पद्मनाभ तुम्हीच का? मी वनजा, श्रीकंठची बायको. काय पाठवलंत तुम्ही ह्यांना?”

“का हो, काय झालं?”

“काय झालं म्हणून मलाच विचारता? रविवारपासून खुर्चीतून उठले नाहीत. जेवण तिथंच, झोप तिथंच. उठा म्हटलं की म्हणतात, नाव मधोमध आहे, पाय कुठे ठेवू? काल माझ्या भावानं आणि मी धरून उठवलं, तर पाय जमिनीला टेकवेनात. गार पाणी लागल्यासारखे वर ओढून घेतात. डॉक्टर येऊन गेले. म्हणे सगळं उत्तम आहे.”

“कानाला काही लावलंय का?”

“हेडफोन आहेत. काढू देत नाहीत. पण सार, त्याची वायर कशालाच जोडलेली नाही.”

मी तिला फोन त्याच्याजवळ न्यायला सांगितलं. आधी टिक-टिक ऐकू आली. मग त्याचा आवाज.

“दासरे, अजून किती आहे?”

त्या ‘दासरे’त टोमणा नव्हता. त्याच्यामागे, फार लांब, चिपळ्या वाजत होत्या आणि मांडवात माणसं खोकत होती. तीस वर्षं कान हीच माझी भाकरी होती. त्या आवाजांखालची फितीची सरसर त्याच कॅसेटची होती. कॅसेट माझ्या कपाटात, डबीत होती.

मी अक्कांना फोन करून सगळं कबूल केलं.

“मंगळ कापलंस?”

“हो.”

“वेंकण्णदासांचा मुलगा तू! अरे, जेवणाच्या पंगतीत शेवटचा भात वाढायच्या आधी पानं उचलावीत तसं केलंस. आम्हाला बसवलंस आणि उठवलंच नाहीस.” मग आवाज खाली आला. “पद्मनाभ, खरं सांगते. रविवारपासून खुर्चीतून उठताना मला पण पाय आधी चाचपावा लागतो.”

रविवारी पाळी सिंचनाची होती. तिनं ती सोडून दिली. मी कॅसेट पुन्हा पहिल्यापासून घेतली. साठ मिनिटं. त्यातलं एक अक्षर न कापता फाइल गटावर टाकली. पाट मांडला, समई लावली, तबकात कापूर ठेवला. वनजाला तीच फाइल श्रीकंठजवळ लावायला सांगितलं आणि दुसऱ्या फोनवर धरून ठेवलं.

“उपयोग होईल ना सार?” तिनं विचारलं. त्या आठवड्यात माझ्याशी ती न रागावता बोलली ते तेवढंच. “चिडके आहेत, तोंडाचे फटकळ आहेत. पण माझे आहेत हो.”

चार वाजले. सुई टेकली.

सुंठ आणि खडीसाखर कुडकुडली. चिपळ्या लागल्या. ह्या वेळी मी डोळे उघडे ठेवले.

खडसावणं जिथं असायचं तिथं होतं, खांबाजवळच्या शेतकऱ्यालाच होतं. मला हायसं वाटलं.

चोपन्नाव्या मिनिटाला नाव काठाला लागली.

अण्णांनी मंगळ धरलं. मी कापूर पेटवला आणि त्यांच्या आवाजात आवाज मिसळला. आयुष्यात इतक्या मनापासून मी कधी गायलो नव्हतो. कॅसेटमधला मांडव उठला. सतरंज्या सरकल्या, चपला शोधल्या गेल्या, लहान मुलं रडली.

फोनवर एकेक शब्द येऊ लागला. अक्का : ‘उचलली.’ सिंचना : ‘उचलली.’ मग बाकीचे दोघे.

दुसऱ्या फोनवर वनजा किंचाळली.

“उठले! सार, उठले हो! चालतायत!” ती रडत होती, हसत होती. “स्वयंपाकघरात गेले. डबे उघडतायत. काय हवंय हो तुम्हाला? … अगंबाई! सुंठ मागतायत. सुंठ आणि खडीसाखर. आमच्याकडे खडीसाखर नसतेच की!”

माझ्या हातात तबक होतं. ते खाली ठेवायला मला वेळ लागला.

श्रीकंठ असं काही खात नाही. त्याला काळी कॉफी लागते.

मी स्वतःला समजावलं. आठवडाभर तीच कॅसेट डोक्यात घोळत होती, सुरुवातीचा तो कुडकुड आवाज त्यानंही ऐकला असणार.

फाइल अजून चालू होती. मांडव रिकामा झाल्यावर कॅसेटचा शेवटचा मिनिटभराचा तुकडा मला पाठ आहे. अण्णा चिपळ्या फडक्यात गुंडाळतात, घसा खाकरतात, मला हाक मारतात, आणि फीत संपते.

चिपळ्या गुंडाळल्या गेल्या नाहीत. कुणी खाकरलं नाही. हाक आली नाही. रिकाम्या मांडवाची घुमणारी शांतता होती आणि त्या शांततेत, पुढच्या रांगेतून, सावकाश,

टिक-टिक.

थोड्या वेळानं पुन्हा.

टिक-टिक.

मी फाइल तीनदा लावून पाहिली. मग कॅसेट. तिथंही तेच.

वनजाला मी काही सांगितलं नाही. आठवडाभर तिचे संदेश येत राहिले, आनंदाचे. हे आता पहाटे उठतात. पेनाला हात लावत नाहीत. भिंतभर तबकड्या विकायला काढल्यात. फक्त जरा कडक झालेत. काल जेवताना मी मध्येच उठले तर केवढ्यानं ओरडले. पण बोलणं इतकं गोड, इतकं घोळवून, की सार, ऐकतच राहावं.

पुढच्या रविवारी पाळी श्रीकंठची. शनिवारी दुपारीच त्याची निवड गटावर आली. अल्बम नव्हता, घरी स्वतःच्या आवाजात केलेलं काहीतरी होतं. अक्कांनी लगेच विचारलं, ‘अरे, किती मिनिटांचं आहे? पंचेचाळीसचा नियम तुझाच ना?’

बऱ्याच वेळानं उत्तर आलं.

‘मंगळ नाही. सगळ्यांनी चारला बसायचं.’

आणि त्याच्याखाली, वेगळ्या ओळीत :

‘पद्दू, तू पुढे बस.’